गागोद्याच्या घरातून राजघाटच्या झोपडीपर्यंत



दिल्लीत राहणाऱ्या किंवा कधी कामानिमित्त दिल्लीला आलेल्या आपल्यापैकी बहुतेकांनी राजघाटाचे दर्शन घेतलेले असते. काळ्या संगमरवरी चौथऱ्यापुढे क्षणभर हात जोडून आपण पुढे निघतो. याच परिसरात १३ नोव्हेंबर १९५१ रोजी एक कृश देहाचा, दाढी वाढलेला, छप्पन्न वर्षांचा मराठी माणूस पायी चालत येऊन पोहोचला. वर्ध्याजवळच्या पवनारहून तो १२ सप्टेंबरला निघाला होता. देशाच्या पहिल्या पंचवार्षिक योजनेच्या आराखड्यावर त्याचे मत हवे, म्हणून पंतप्रधान पंडित नेहरूंनी त्याला बोलावले होते. पण वाहनाने न येता तो दोन महिने चालत आला आणि सरकारी निवासस्थानाऐवजी राजघाटाजवळ त्याच्यासाठी बांधलेल्या झोपडीत उतरला. अकरा दिवस तो तेथे राहिला. योजना आयोगाचे सदस्य आणि स्वतः पंतप्रधान त्या झोपडीत येऊन त्याच्याशी बोलत बसले.

हे होते आचार्य विनोबा भावे. त्यांच्या विद्वत्तेविषयी आणि भूदानाविषयी आपण शाळेत वाचलेले असते. आज आपण त्यांच्या जीवनाकडे थोड्या वेगळ्या बाजूने पाहू. त्या झोपडीत बसून विनोबा जे सांगत होते, त्याची मुळे कुठे होती? ग्रंथांत होती, गांधीजींच्या सहवासात होती, हे खरेच. परंतु विनोबा स्वतः आयुष्यभर आणखी एका शाळेचे ऋण मानत आले. ती शाळा म्हणजे कोकणातल्या गागोदे या लहानशा गावातले त्यांचे घर. त्या शाळेत ना फळा होता, ना तास. आजोबा, आजी, आई, वडील आणि एक अंध वृद्ध हेच तिथले गुरुजन. ते शिकवत आहेत हे त्यांनाही ठाऊक नव्हते.

चंद्र उगवेल तेव्हा

विनायक नरहर भावे यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी गागोदे येथे झाला. हे गाव आजच्या रायगड जिल्ह्यातल्या पेण तालुक्यात आहे. वडील नरहरपंत नोकरीसाठी बडोद्याला असत. आई रुक्मिणीबाई मुलांसह गागोद्याला सासू-सासऱ्यांजवळ राहत. त्यामुळे विनायकाची सुरुवातीची वर्षे आजोबा शंभुराव आणि आजी गंगाबाई यांच्या सावलीत गेली.

शंभुराव व्रतस्थ होते. ते चांद्रायण व्रत करत. चंद्राची कला वाढेल तसा आहारातला एकेक घास वाढवायचा आणि कला घटेल तसा एकेक घास कमी करायचा, असे ते कठीण व्रत. चंद्रोदय झाल्यावर पूजा व आरती होई. आता चंद्र काही रोज एकाच वेळी उगवत नाही. कधी संध्याकाळी, कधी मध्यरात्री, तर कधी पहाटे. जेव्हा उगवेल तेव्हा आजोबांची पूजा असे आणि झोपलेल्या लहानग्या नातवाला उठवून प्रसाद दिला जाई.

या प्रसंगाचा थोडा विचार करून पाहा. आजोबांनी नातवाला नियमितपणावर प्रवचन दिले नाही. व्रताचे महत्त्वही समजावले नाही. अर्धवट झोपेत डोळे चोळत असलेल्या मुलाने फक्त पाहिले की घरातले सर्वांत वयस्क माणूस अपरात्री स्नान करून शांतपणे देवापुढे बसले आहे. उद्या उठायला उशीर होईल म्हणून पूजा टळली नाही आणि चंद्राची वाट पाहताना कुरकुरही झाली नाही. पुढे पहाटेच्या अंधारात कंदील घेऊन वर्षानुवर्षे पदयात्रेला निघणारे विनोबा आपण ओळखतो. थंडी, पाऊस, आजारपण यांतही न मोडणाऱ्या त्या नियमाचे पहिले दर्शन त्यांना आजोबांच्या देवघरात झाले होते.

त्याच देवघरातली आणखी एक आठवण आहे. आजोबा पूजेला बसले असताना एकदा देवाच्या मूर्तीवर विंचू चढला. घरातले लोक घाबरले, त्याला मारण्यासाठी धावले. आजोबांनी सर्वांना थांबवले. जो देवाच्या आश्रयाला आला आहे त्याला कोणी हात लावायचा नाही, असे त्यांनी सांगितले आणि पूजा तशीच पुढे चालू ठेवली. फूल वाहिले, गंध लावले, नमस्कार केला. काही वेळाने विंचू आपला आपण निघून गेला. अहिंसा हा शब्द त्या मुलाला तेव्हा कदाचित माहीतही नसेल. पण भीती नसेल तर हात मारायला उठत नाही, हे त्याने डोळ्यांनी पाहिले.

गणेशोत्सवात आजोबा मुलांना हाताशी घेऊन चंदन उगाळत आणि गणपतीची मूर्ती घडवत. मग तिची प्राणप्रतिष्ठा, पूजा, आरती. आणि इतक्या कष्टाने, इतक्या प्रेमाने घडवलेली ती मूर्ती ठरल्या दिवशी पाण्यात विसर्जित करायची. मुलाच्या मनाला ते लागे. पण आवाहन करायचे ते मनापासून आणि सोडायचे तेही मनापासून, हा धडा तिथेच रुजला. विनोबांनी पुढे अनेक संस्था उभारल्या, अनेक कामे सुरू केली आणि वेळ येताच त्यांतून स्वतःला अलगद बाजूला केले. ज्यांनी त्यांना जवळून पाहिले त्यांना या सोडण्याचे आश्चर्य वाटे. गागोद्याच्या गणपतीची गोष्ट ज्याला माहीत आहे, त्याला वाटणार नाही.

अंध आजोबा

त्या घरात आणखी एक वृद्ध गृहस्थ राहत. त्यांना दिसत नसे. ते कष्टाळू होते, स्वभावाने प्रेमळ होते आणि घरातले सगळे त्यांची आस्थेने काळजी घेत. मुलांना ते आपल्या नात्यातलेच एक आजोबा वाटत. तसे न वाटण्याचे काही कारणच नव्हते. त्यांचे जेवण, त्यांचे अंथरूण, त्यांचा मान यांत कधी फरक दिसला नाही.

पुढे कुटुंब बडोद्याला राहायला गेले. एके दिवशी गागोद्याहून पत्र आले की ते अंध आजोबा वारले. नात्यातल्या माणसाच्या मृत्यूची वार्ता आली की स्नान करायचे, सुतक पाळायचे, अशी रीत होती. आईने तसे काही केले नाही. विनायकाला नवल वाटले. त्याने विचारले तेव्हा आईने सांगितले की ते आपल्या नात्यातले नव्हतेच. त्यांना कोणाचा आधार नव्हता, म्हणून ते आपल्या घरी आले आणि घरचेच होऊन राहिले.

इतकी वर्षे एकाच छपराखाली राहूनही मुलाला हे कळले नव्हते. ते त्याला कळले ते त्यांच्या मृत्यूनंतर. वाचकहो, एखाद्या घराची साधना किती खोल आहे हे मोजायचे असेल तर याहून चांगले माप कोणते? आपण कोणावर उपकार करतो तेव्हा ते चार जणांना कळावेत असे आपल्याला वाटते. निदान घरातल्यांना तरी कळावेत असे वाटतेच. भावे यांच्या घरात एका निराधार माणसाला आश्रय दिला गेला आणि तो आश्रय आहे हे मुलांपर्यंतही पोहोचू दिले गेले नाही. त्या वृद्धाच्या स्वाभिमानाची ती केवढी मोठी राखण होती.

ही गोष्ट आपण लक्षात ठेवू. राजघाटच्या झोपडीकडे जाताना तिचा पुन्हा उपयोग होईल.

चोरी की मागायचा संकोच?

गागोद्याच्या घरातल्या एका मुलाने एकदा न विचारता गूळ घेतला. आजीने त्याला पकडले आणि आजोबांपुढे उभे केले. आपल्या घरी असे घडले तर काय होईल, याची कल्पना करा. दोन शब्द तरी नक्की ऐकवले जातील. शंभुरावांनी मात्र त्याला चोरी म्हणायला नकार दिला. घर त्याचेही आहे, त्याने मागितला असता तर त्याला गूळ मिळालाच असता, असे त्यांचे म्हणणे. त्यांनी मुलाला समजावले की पुढच्या वेळी हवा असेल तेव्हा मागून घे आणि हात स्वच्छ धुऊन घे.

एवढेच. ना शिक्षा, ना चार लोकांत नाचक्की. पण चूक तशीच सोडूनही दिली नाही. मागून घेणे आणि हात धुणे या दोन सवयी त्यात सांगून झाल्या. क्षमा म्हणजे दुर्लक्ष नव्हे, हे आजोबांनी दाखवून दिले. क्षमा करणारा समोरच्याला पुन्हा घरात घेतो आणि सुधारण्याचा सोपा रस्ताही दाखवतो.

मे १९६० मध्ये विनोबा चंबळच्या खोऱ्यातून पदयात्रा करत होते. ज्यांच्या नावाने गावे थरकापत, अशा टोळ्यांतली वीसेक माणसे तेव्हा आपली हत्यारे घेऊन त्यांच्यापुढे आली आणि ती त्यांच्या पायांशी ठेवून शरण गेली. विनोबांनी त्यांना कायद्यापासून सूट मिळवून देण्याचे आमिष दाखवले नव्हते. केलेल्या कृत्याची शिक्षा भोगावी लागेल, हे त्यांनी स्पष्ट ठेवले. पण त्या माणसांना त्यांनी माणूस म्हणून, भाऊ म्हणून जवळ घेतले. गुळाचा खडा आणि बंदूक यांत फार मोठे अंतर आहे. तरीही त्यामागची वृत्ती एकच आहे.

आईचा स्वयंपाक

विनोबांवर सर्वांत खोल संस्कार कोणाचा, असे विचारले तर उत्तर एकच, आईचा. रुक्मिणीबाई फारशा शिकलेल्या नव्हत्या. सकाळपासून घरकामात असत. सर्वांची जेवणे आटोपली की स्वतः जेवण्यापूर्वी त्या देवापुढे बसत आणि कान धरून दिवसभरातल्या अपराधांची क्षमा मागत. तेव्हा त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत असे. मुलगा ते रोज पाहत होता.

तुळशीला पाणी घातल्याशिवाय मुलाला जेवायला मिळत नसे. घरच्या झाडाचा फणस उतरला की पहिल्यांदा गावात वाटायचा. मुलांनी घरोघरी जाऊन गरे द्यायचे आणि मग उरलेले आपण खायचे. जो देतो तो देवासारखा आणि जो स्वतःपाशीच ठेवतो तो राक्षसासारखा, हे आईने मुलांच्या मनावर इतके बिंबवले की देण्याचा आनंद त्यांना गऱ्यांहून गोड वाटू लागला.

शेजारच्या घरची गृहिणी परगावी गेली किंवा आजारी पडली की रुक्मिणीबाई तिच्या घरी जाऊन स्वयंपाक करत. पण आधी आपल्या घरचा आटोपून मग तिकडे जात. तर्ककुशल विनायकाला यात आईचा स्वार्थ दिसला. आपल्या मुलांचे आधी आणि दुसऱ्यांचे नंतर, असे कसे, असे त्याने आईला छेडले. आईने हसून समजावले की त्यांचा स्वयंपाक आधी केला तर त्यांना जेवायच्या वेळी तो थंड मिळेल. म्हणून आपला आधी, म्हणजे थंड आपण खायचे आणि गरम त्यांना द्यायचे.

घरी एक विद्यार्थी राहायला होता. अन्न वाया जाऊ नये म्हणून शिळे उरले तर आई स्वतः खाई किंवा विनायकाला देई, त्या विद्यार्थ्याला मात्र कधीच नाही. यावरही विनायकाने तिला डिवचले की तू समभावाच्या गोष्टी करतेस आणि घरातच भेद करतेस. आईने तो भेद कबूल केला. ती म्हणाली की तुझ्याविषयी मला पुत्रमोह आहे आणि त्याच्या ठिकाणी मी देव पाहते. तुझ्यातही मला देवच दिसू लागेल तेव्हा हा भेद राहणार नाही. आपला दोष इतक्या सरळपणे मुलापुढे कबूल करणारी आई किती मोठी असेल! वडीलधाऱ्यांनी मुलांपुढे कधीच चूक मान्य करू नये असे मानणाऱ्यांनी हा प्रसंग पुन्हा वाचावा.

आईने एकदा देवाला एक लाख तांदूळ वाहण्याचा संकल्प केला. रोज ती दाणे मोजत बसे. वडील विज्ञानाचे आणि हिशेबाचे माणूस. त्यांनी सोपा उपाय सुचवला की एका तोळ्यातले दाणे मोज, त्यावरून लाखाचे वजन काढ आणि कमी पडू नये म्हणून थोडे जास्त घाल. आईला उत्तर सुचेना. तिने विन्याला विचारले. त्याने सांगितले की हा हिशेबाचा प्रश्न नाही, एकेक दाण्यागणिक देवाचे स्मरण होते, त्यासाठी हे मोजणे आहे. आईला ते पटले आणि तिने वडिलांना तसे सांगितले. पाहा, या घरात शिकणे एकाच दिशेने चालत नव्हते. आई मुलाला शिकवत होती आणि अडल्यावर मुलाला विचारतही होती.

वडिलांचा धाक मोठा होता. पण त्यांचीही शिकवण्याची एक रीत होती. एका दिवाळीला त्यांनी बडोद्याहून एक पुडके आणले. मुलांना वाटले, मिठाई असणार. उघडले तर मुलांसाठी लिहिलेली रामायण-महाभारताची पुस्तके निघाली. मुलांचे चेहरे उतरले तेव्हा आईने सांगितले की याहून चांगली मिठाई कोणती असणार. ती गोडी विनोबांना जन्मभर पुरली.

घर सोडले, संस्कार सोडले नाहीत

इथे आपण जरा थांबू. वडीलधाऱ्यांकडून शिकायचे म्हणजे ते म्हणतील त्याला मान डोलवायची, असा अर्थ पुष्कळदा घेतला जातो. विनोबांचे जीवन तसे सांगत नाही.

२५ मार्च १९१६ रोजी इंटरमीजिएटच्या परीक्षेसाठी ते मुंबईला जायला निघाले आणि सुरतेलाच गाडीतून उतरून काशीची वाट धरली. त्याआधी आपली प्रमाणपत्रे त्यांनी आईच्या चुलीत जाळून टाकली होती. वडिलांच्या अपेक्षांचे काय झाले असेल, हे आपण समजू शकतो. त्याच वर्षी ७ जूनला अहमदाबादच्या कोचरब आश्रमात त्यांची गांधीजींशी भेट झाली आणि जीवनाची दिशा ठरली.

१९१८ च्या ऑक्टोबरमध्ये आई आजारी पडली. विनोबा बडोद्याला तिच्यापाशी आले. २४ ऑक्टोबरला आईने देह ठेवला. अंत्यविधी दक्षिणा घेणाऱ्या पुरोहिताने न करता आपण स्वतः करावा, असे विनोबांचे म्हणणे होते. घरच्यांना ते मान्य झाले नाही. आईला रूढ विधीच आवडला असता, असे त्यांना वाटत होते. विनोबांनी वाद वाढवला नाही आणि आपली निष्ठाही सोडली नाही. ज्या आईवर त्यांनी जिवापाड प्रेम केले तिच्या अंत्ययात्रेला ते गेले नाहीत. स्नान करून वेदाध्ययनाला बसले.

हा निर्णय सर्वांना पटेल असे नाही. आपल्यापैकी अनेकांना तो कठोर वाटेल. पण त्यातून एक गोष्ट दिसते. त्यांनी घरातली प्रत्येक रूढी स्वीकारली नाही, पण घराचा प्राण स्वीकारला. वडीलधाऱ्यांशी मतभेद झाला म्हणून त्यांनी त्यांचे ऋण नाकारले नाही आणि ऋण मानले म्हणून विवेकही गहाण टाकला नाही. आज घराघरात तरुण आणि ज्येष्ठ यांच्यात जे ताण दिसतात, त्यांत या दोन गोष्टी वेगळ्या ठेवता आल्या तर निम्मे दुःख कमी होईल.

आईचे ऋण त्यांनी कसे फेडले? संस्कृत गीता समजत नाही, अशी तिची तक्रार होती. विनोबांनी तिला मराठी गद्य अनुवाद आणून दिला, तेव्हा पद्य असते तर बरे झाले असते, असे ती म्हणाली. पद्य आणून दिले तर तेही तिला अवघड गेले. मग तूच का लिहीत नाहीस, असे तिने मुलाला सुचवले. आई गेल्यानंतर बारा वर्षांनी, ७ ऑक्टोबर १९३० रोजी विनोबांनी ते काम हाती घेतले आणि ६ फेब्रुवारी १९३१ रोजी पूर्ण केले. तीच आपल्या घराघरातली गीताई. न शिकलेल्या एका आईच्या गरजेतून ती जन्माला आली, म्हणूनच ती इतकी सोपी उतरली. पुढे १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी गीतेवर प्रवचने दिली आणि ती साने गुरुजींनी टिपून घेतली. त्या प्रवचनांतही आई पुनःपुन्हा भेटते.

दिल्लीतले दोन मुक्काम

आता दिल्लीकडे येऊ. विनोबांचा १९५१ चा मुक्काम प्रसिद्ध आहे, पण त्याआधीही एकदा ते येथे राहिले होते. गांधीजींच्या हत्येनंतर १९४८ मध्ये नेहरूंच्या विनंतीवरून ते निर्वासितांच्या सेवेसाठी दिल्लीला आले. फाळणीने उखडलेली लाखो माणसे तेव्हा दिल्लीत आणि आसपासच्या छावण्यांत होती. दुसरीकडे, आजच्या गुरुग्राम आणि नूह भागातल्या मेवात परिसरातले मेव मुसलमान भीतीने घरे सोडून निघाले होते. त्यांनी जाऊ नये म्हणून गांधीजी १९ डिसेंबर १९४७ रोजी घासेडा गावी जाऊन त्यांना भेटले होते. ते काम अर्धे राहिले होते. विनोबांनी ते उचलले. मेवांना त्यांच्या गावी पुन्हा वसवण्यासाठी त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महिनोन्महिने कष्ट घेतले.

आज गुरुग्रामच्या उंच इमारतींतून सोहना रस्त्याने कोणी नूहकडे गेले तर वाटेवर घासेडा लागते. तिथून जाताना गागोद्याचे अंध आजोबा आठवावेत. ज्याला आधार नाही त्याला घरात घ्यायचे आणि त्याला परके वाटू द्यायचे नाही, हेच तर ते काम होते. घर तेवढे मोठे झाले होते.

आणि १९५१ चा मुक्काम? त्या वर्षी १८ एप्रिलला तेलंगणातल्या पोचमपल्ली गावी हरिजनांच्या चाळीस कुटुंबांनी विनोबांकडे ऐंशी एकर जमीन मागितली. विनोबांनी सभेतच गावकऱ्यांना विचारले आणि रामचंद्र रेड्डी यांनी शंभर एकर देऊ केली. भूदान तिथे सुरू झाले. दिल्लीच्या वाटेवर विनोबा गावोगाव जमीन मागत आले. मागण्याची त्यांची रीत मात्र वेगळी होती. ते भिक्षा मागत नव्हते. तुम्हाला पाच मुलगे असतील तर मला सहावा समजा आणि माझ्या वाट्याचा सहावा हिस्सा भूमिहीनांसाठी द्या, असे ते म्हणत. देशातली लागवडीची जमीन सुमारे तीस कोटी एकर धरली तर सहावा हिस्सा पाच कोटी एकर होतो. तेच उद्दिष्ट त्यांनी ठेवले.

पाहा, अर्थशास्त्राच्या एवढ्या मोठ्या प्रश्नाला त्यांनी घराचे रूप दिले. भूमिहीन माणूस दारात उभा असलेला याचक राहिला नाही. तो घरातला वाटेकरी झाला. दान घेणाऱ्याची मान खाली जाऊ नये, ही काळजी शंभुरावांच्या घरात घेतली जात होती. तीच काळजी आता देशाच्या जमिनीपर्यंत पोहोचली होती.

विनोबा सुमारे तेरा वर्षे चालत राहिले आणि १० एप्रिल १९६४ रोजी पवनारला परतले. चाळीस लाख एकरांहून अधिक जमीन दानात मिळाली. पाच कोटींचे उद्दिष्ट गाठले गेले नाही. मिळालेल्यातली बरीच जमीन नापीक निघाली, बरीच वाटली जायची राहून गेली. हे नाकारण्याचे कारण नाही. तरीही लाखो एकर जमीन खरोखर भूमिहीनांच्या हाती गेली आणि तीही कायद्याच्या धाकाने नव्हे, तर मागितल्यावर दिल्यामुळे, ही गोष्ट जगाच्या इतिहासात दुर्मीळ आहे.

२५ मार्च १९५९ रोजी विनोबांनी पवनारला ब्रह्मविद्या मंदिराची स्थापना केली. स्त्रियांनी सामूहिक साधना करावी, श्रम करावेत, आपला कारभार आपणच चालवावा, असे ते स्थान आजही सुरू आहे. आपण पुरुष असतो तर खरे वैराग्य काय असते ते दाखवून दिले असते, असे रुक्मिणीबाई कधीकाळी म्हणाल्या होत्या. मुलाने ते विसरले नव्हते. १५ नोव्हेंबर १९८२ रोजी, दिवाळीच्या दिवशी, अन्न-औषध थांबवून विनोबांनी शांतपणे देह ठेवला. आवाहन केलेल्याचे विसर्जनही मनापासून करायचे, हा आजोबांचा शेवटचा धडाही त्यांनी पूर्ण केला.

आपल्या घरातली शाळा

वाचकहो, आता आपल्या घराकडे पाहू. नोएडा, गाझियाबाद, फरिदाबाद, गुरुग्राम येथे राहणाऱ्या कितीतरी मराठी घरांत आई-वडील गावाकडून मुलांकडे राहायला आलेले असतात. सोसायटीच्या बाराव्या मजल्यावर त्यांना करमत नाही. हिंदी बोलताना अडखळायला होते. अंगण नाही, ओळखीचे देऊळ नाही. हिवाळ्यातल्या धुरक्यात बाहेर पडणेही कठीण होते. मुले-सुना सकाळी मेट्रो गाठतात, रात्री परततात. नातवंडांच्या हातात मोबाइल असतो. एकाच घरात तीन पिढ्या राहतात, पण एकत्र जगणे होत नाही. कित्येक घरांत तर आजी-आजोबा आठवड्यातून एकदा पडद्यावरच दिसतात.

शंभुरावांच्या घरात नातू आजोबांचे जगणे पाहू शकत होता, कारण तो त्यांच्याजवळ होता. संस्कार हे सांगण्यापेक्षा पाहण्यातून होतात आणि पाहायला सहवास लागतो. म्हणून आपण काही लहान पावले उचलू शकतो.

आपल्या घरी ज्येष्ठ मंडळी असतील तर त्यांच्या दिवसातली एक गोष्ट मुलांसह करा. आजी देवापुढे दिवा लावते तेव्हा दहा मिनिटे सर्वांनी तिच्याजवळ बसा. आजोबा फिरायला जातात तेव्हा नातवाला सोबत पाठवा. काही शिकवा, असा आग्रह त्यांना करू नका. शिकणे आपोआप होईल.

त्यांना निर्णयात विचारा. तांदूळ मोजावेत की तोलावेत, एवढा साधा प्रश्नही त्या घरात सर्वांनी मिळून सोडवला. ज्याला कोणी काही विचारत नाही, तो माणूस घरात असूनही पाहुणा होतो.

मतभेद झाला तर तो मतभेदापुरताच ठेवा. त्यांची एखादी रीत पटली नाही तर नम्रपणे नाही म्हणा, पण त्यांच्यातले जे सत्त्व आहे ते हातचे घालवू नका.

आणि जे स्वतः ज्येष्ठ आहेत, त्यांच्यासाठीही एक विनंती. आपल्याला कोणी ऐकत नाही, असे वाटून खिन्न होऊ नका. आपले बोलणे कोणी ऐकत नसेल, पण आपले वागणे कोणीतरी पाहत आहे. रागाच्या क्षणी तुम्ही काय करता, कामवाल्या बाईशी कसे बोलता, चूक झाल्यावर ती मान्य करता की नाही, हे ती लहान नजर टिपत असते.

ज्यांच्या घरी ज्येष्ठ कोणी नाहीत, त्यांनीही मागे राहू नये. आपल्याच इमारतीत एकटे राहणारे एखादे आजी-आजोबा असतील. रविवारी जेवताना त्यांच्यासाठी एक पान वाढा. त्यांना आधार देतो आहोत, हे मात्र त्यांना आणि शक्य असेल तर आपल्या मुलांनाही जाणवू देऊ नका. मुलांना ते आपले आजोबाच वाटू द्या.

पुढच्या वेळी राजघाटावर जाल तेव्हा चौथऱ्यापुढे हात जोडून झाल्यावर आणखी दोन मिनिटे थांबा. इथेच कुठेतरी ती झोपडी होती, हे मुलांना सांगा. आणि तिथे बसलेल्या माणसाला देश कसा चालवावा हे पहिल्यांदा कोणी शिकवले, तेही सांगा. सोबत आजी-आजोबा असतील तर ही गोष्ट त्यांनाच सांगू द्या.